केवळाबाई हैदराबादला शिकायला निघतात तेव्हा

सन्माननीय अध्यक्ष आबासाहेब, व्यासपीठावर विराजमान डॉक्टर दिनकरराव, दवाखान्यातील सेवकवर्ग, जिंतूरकर बंधुभगिनींनो, आणि माझ्या भाषणाला मुकाट्याने तोंड देणाऱ्या सत्कारमूर्ती केवळाबाई,

रोग्यांच्या पथ्याचा स्वयंपाक सांभाळणाऱ्या या बाई आहारशास्त्राच्या पुढच्या शिक्षणासाठी उद्या हैदराबादला निघतात. पथ्यावर संस्कृतात श्लोक पुष्कळ. मी ते जन्मभर घोकले. पण पंगतीत बसलो की एकही आठवत नाही.

गेल्या दिवाळीत आपले लिंबाजी इथे दवाखान्यात खाटेवर होते. साखरेचा आजार, पायाची जखम चिघळलेली. गोड थांबले नाही तर पाय काढावा लागेल, असे डॉक्टरांनी बजावलेले. नेमक्या भाऊबीजेला त्यांच्या भगिनी धुरपताबाई ताडकळसहून पुरणपोळ्या घेऊन आल्या. केवळाबाईंनी डबा दारातूनच परत केला. बहीण रडत गेली. इकडे लिंबाजींनी भिंतीकडे तोंड फिरवले आणि भाकरीसुद्धा नाकारली. नियम पाळला गेला, रोगी उपाशी! आता सांगा, शास्त्राने काय करावे?

केवळाबाई स्वतः मोटारअड्ड्यावर गेल्या. धुरपताबाईंना परत आणून दवाखान्याच्या चुलीपुढे बसवले आणि पिठाची परात पुढे सरकवली. ओवाळणी झाली, ताटात बहिणीच्या हातची ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी. लिंबाजी सगळे जेवले. एवढेच म्हणाले, "धुरपते, औंदा पुरणपोळी जरा खरखरीत झाली."

पुढे काय शिकायचे आहे, अशी हैदराबादहून विचारणा आली. डॉक्टरांनी दूध, अंडी, जीवनसत्त्वे असे विषय वाचून दाखवले. केवळाबाई म्हणाल्या, "ते बी शिकते. पन फळ्यावर नको, चुलीपुढं शिकवा म्हनावं. आन् डबा परत करताना मानूस परत जाऊ नये, हे शिकवनारं कोनी हाय का तिथं?" डॉक्टरांनी प्रश्न जसाच्या तसा कळवला. तिथले गुरुजन अजून विचारात असावेत.

तरी बाईंचा पाय निघेना. लिंबाजींची जखम भरत आली होती. आता ताटावर नजर कोण ठेवणार? तेव्हा धुरपताबाईच बोलल्या, "तुमी जावा बाई. त्याचं ताट मी बघते. चुलीपुढं मला तुमीच बसवलं नव्हं का?"

अध्यक्षांचा आणि आपणा सर्वांचा मी ऋणी आहे. बोलण्यात मीठ कमीजास्त पडले असेल, तर पथ्य समजून गोड मानून घ्यावे. पेढे मिळणार नाहीत. कारण उघड आहे. सत्काराचे श्रीफळ लिंबाजी देतील. ते मागच्या रांगेतून निघाले आहेत, दोन्ही पायांनी. कोणी हात देऊ नये. वेळ लागेल; आपण थांबू.