तुमचा रस्ता प्यायचा का?

खुर्चीत बसणाऱ्या, तू खोटारडा आहेस! नाव घेत नाही, तुझं तुला माहीत आहे. गरीब गप्प बसला की त्याखाली तू 'होकार' लिहितोस. तोंड त्याचं, शब्द तुझा!

मंडळी, ऐका. जो बोलत नाही, तो 'हो' म्हणतो का? मौन हे संमतीचं लक्षण, असं शास्त्र सांगतं. अहो, पण मौन कुणाचं? नवरीचं, की खाटकापुढच्या बोकडाचं?

तर, तिकडे झाडीपट्टीत एक गाव. गावाला तळं. पहाटे धुकं उतरलं, की पाणी कुठे संपतं नि आभाळ कुठे सुरू होतं, बगळ्यालाही कळत नाही! कमळाच्या पानांतून डोंगे कसे सरकतात? झोपेतल्या लेकराच्या ओठांवरून हसू सरकावं, तसे. त्या पाण्यावर मासे धरणाऱ्या ढिवरांची घरं जगतात. मासळी, शिंगाडे, आणि हल्ली पाखरं बघायला येणारे परमुलखातले पाहुणे. पाहुण्यांशी बोलायला बायका इंग्रजी शिकतात. शिकवते शामकला, त्यांच्यातलीच, कॉलेज केलेली.

एकदा ती म्हणाली, "काही प्रश्नांना उत्तर नको असतं. सासू म्हणते, 'या घरात माझं ऐकतंय कोण?' मग तुम्ही काय करता?"

"चूप राहतो जी!" बायजाबाई म्हणाली. "'मी ऐकतो' म्हटलं तरी भांडण, 'कोणीच नाही' म्हटलं तरी भांडण!"

का हसता? तुमच्या घरी वेगळं आहे होय?

"इंग्रजीतही तसंच," शामकला म्हणाली. "'हू नोज?' म्हणजे कुणालाच ठाऊक नाही. उत्तर प्रश्नाच्या पोटातच. ओळखायचं आणि गप्प बसायचं."

शिकवण पक्की बसली — नको इतकी पक्की!

पुढे ठरलं, तळं बुजवायचं, वरून रुंद रस्ता न्यायचा. सुनावणीचा मांडव काठावरच. दुपार कलंडलेली. दूरवरून आलेले साहेब इंग्रजीत बोलताहेत, दुभाष्या मध्येच मराठी करतोय, आणि कर्ण्यातून तो आवाज अंगाईसारखा झरतोय. शामकलाचे डोळे मिटू लागले. तिला वाटलं, मांडव सुटला, माणसांसकट हळूच पाण्यावर निघाला... खाली कमळाचे देठ डोलताहेत, वर साहेबांची खुर्ची ढगासारखी तरंगतेय...

"हू डझन्ट वॉन्ट प्रोग्रेस?" साहेब म्हणाले.

प्रगती कुणाला नको? सगळा मांडव गप्प!

बायजाबाईनं कोपर मारलं. "मास्तरीणबाई, हा तोच ना? पोटात उत्तरवाला?" आणि शहाण्या लेकरासारखे ओठ मिटून घेतले. सगळ्याजणींनी मिटले!

साहेब कारकुनाला म्हणाले, "लिहा. ग्रामस्थांची हरकत नाही."

खाडकन् जाग आली शामकलाला! अरे देवा, गप्प बसायला तर आपणच शिकवलं! पोटातलं उत्तर कुणाचं, ते कुठे सांगितलं? ते विचारणाऱ्याचं असतं! आता या बायकांचं पाणी जाणार, ते आपल्या धड्यापायी?

ती उभी राहिली. "आय डोन्ट! असली प्रगती मला नको!"

साहेब गोड हसले. दुभाष्यानं सांगितलं, "बाई, त्या प्रश्नाला उत्तर अपेक्षित नव्हतं."

"मग उत्तर लिहिलंत कसं?"

वा! टाळ वाजवा रे!

ती बायकांकडे वळली. "उठा गं! उत्तर पोटात घाला आणि आता तुम्ही विचारा!"

बायजाबाईनं पदर खोचला. "शॅल वुई ड्रिंक युअर रोड?"

मागून दुसरी ओरडली, "व्हेअर विल फिश गो? बाय बस?"

मांडव हसला. साहेब? साहेब गप्प! वारा पडला, पाणी काचेसारखं झालं, आणि त्यात साहेबांचं तोंड उलटं दिसू लागलं.

शामकला कारकुनाला म्हणाली, "लिहा. साहेब गप्प आहेत. त्यांचा होकार."

कारकुनाचं पेन अधांतरी. पण बायका जागच्या हलल्या नाहीत. ते 'हरकत नाही' खोडलं गेलं, प्रत्येकीची हरकत लिहिली गेली, तेव्हाच उठल्या. तळ्याचा निकाल अजून व्हायचाय. पण कागदावर खोटं राहिलं नाही!

आणि तुम्ही हो? मघापासून मी विचारतोय, तुम्ही माना डोलावताय. त्या मांडवात तुम्ही असता, तर उठला असतात का? या प्रश्नाच्या पोटात काही नाही, रिकामा आहे तो. मान नको. तोंडानं सांगा — उठला असतात?