सान्तोरेल्लाबाईंचा दुसरा ल

नाही नाही, बसा, मी सरकतो — आणि माफ करा हं, मी साधंच बोलतो, शुद्धलेखनाचा तर आनंदीआनंद — आठवीत शाळा सोडली, बेकरीत पीठ मळलं, आणि गावाने उचलून थेट खासदार केलं! हसताय? हसा. कालपासून सगळं रोम हसतंय.

न्यायाधीश निवडायचं मतदान गुप्त असतं, असंच वाटतं ना तुम्हाला? चिठ्ठीवर नाव लिहायचं, पेटीत टाकायचं — गुप्तच की! पण मग सभापती एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचतात, लिहिलीय अगदी तश्शी. म्हणून आमचे नेते फ्राक्कासी काल कानात सांगून गेले — "दोनातो, तू 'मालेर्बा लुईजी' लिही. आडनाव आधी." आमच्या दहाजणांना हेच, दुसऱ्या दहांना 'प्राध्यापक मालेर्बा', तिसऱ्या दहांना नुसतं 'मालेर्बा'. कुठल्या दहांतलं कुणी फुटलं ते ऐकूनच कळतं!

आता हा मालेर्बा कोण? आमच्या खाणमालकाचा वकील! आणि माझे बाबा त्या खाणीच्या धुळीने — जाऊ दे — बसूनच झोपतात. खाणीच्या खटल्यात आमच्या बाजूने निकाल दिला तो एकट्या न्यायाधीश इदा सान्तोरेल्लाबाईंनी. मग देशाच्या सगळ्यात वरच्या कोर्टात कोण बसावं, सांगा? मी बाईंचंच नाव लिहिलं.

सभापतींनी वाचलं — "सान्तोरेला." एकच ल! सभागृह खो खो हसलं. फ्राक्कासी हसले नाहीत. वळून माझ्याकडे बघत राहिले — परवाच पक्षाच्या ग्रुपवर मी तेच नाव तस्संच चुकवलं होतं. मालेर्बा एका मताने पडला. फ्राक्कासी मला बाहेर गाठून म्हणाले, "बाळा, उद्या पुन्हा मतदान आहे. नीट लिही, नाहीतर जा परत भट्टीवर."

मग? मग आज सकाळी बाबांना फोन लावला. ते नुसते खोकत राहिले. पडद्याआड गेलो, पेन्सिल उचलली — दोन ल, आता पाठ झालंय मला. तसं लिहिलं असतं तर बाईंच्या बाकीच्या मतांत खपून गेलो असतो. पण लपून दिलेलं मत बाबांना सांगू कसं? एकच ल लिहिला. मुद्दाम. मालेर्बा आजही पडला — आणि ते बघा, फ्राक्कासी पायऱ्या उतरतायत — हे मुद्दामचं मी कुणालाच सांगणार नव्हतो, तुम्हाला का —

खिशात काय लुकलुकतंय तुमच्या? रेकॉर्डर? पेपरवाले आहात होय!

उठा. उठा म्हणतो ना! आणि छापणारच असाल, तर बाईंचं नाव नीट छापा. दोन ल. चूक माझी आहे, ती माझ्यापाशीच राहू दे.