छपराला काही झालेलं नाही

—नाही, तिथे नको दाबूस, कोडी, कुंडी पडेल. दाराकडच्या भिंतीला दाब ना — बघ, किती टणक! एकोणीस वर्षं इथे उभं आहे हे आमचं चाकांवरचं घर, हा ट्रेलर, आणि या किनाऱ्यावर म्हणजे नऊ महिने पाऊस आणि उरलेले तीन महिने पावसाच्या तक्रारी. काय? कुंडी हलवायची? हलव. हो, मीच ठेवली. हो, तो फुगवटा झाकायलाच. मग काय, शोभेसाठी ठेवू? — हं. गेला ना अंगठा आत? हा घे टॉवेल, पूस. आतली प्लाय आहे ती, भिजून भिजून शिळ्या केकसारखी झालीय. वास जातो दोन दिवसांत, साबणाने नाही जात.

थांब, ट्रेलर पार्कच्या तपासणीच्या फॉर्मवर काय लिहितोयस? छप्पर? छप्पर का? वर डांबराची ठिगळं दिसली म्हणून? अरे, ती मर्लची. माझा नवरा चार हिवाळे त्या छपरावरच राहत होता म्हण ना. पाऊस उघडला की शिडी लावायची, पाऊस आला की उतरायचं, आणि भिंत पुन्हा ओली. मी खालून विचारायची, ‘सापडली का रे गळती?’ मीच विचारायची — बरं, ते जाऊ दे. कॉफी घेतोस? नको? बरं.

नियम मला नको सांगूस. छप्पर गळकं तर ट्रेलर महिन्याभरात पार्काबाहेर, नुसती भिंत असेल तर दुरुस्तीला साठ दिवस. रहिवाशांच्या सभेत मीच हात वर केला होता त्या नियमाला. तेव्हा आम्हाला सतरा नंबरच्या रॉयला घालवायचं होतं. गेला बिचारा. पण शुक्रवारी मर्ल येतोय, कोडी. खुबा बदललाय त्याचा, सात आठवडे त्या पुनर्वसन केंद्रात बार धरून चालायला शिकतोय, आणि रोज फोनवर विचारतो, घर आहे ना जागेवर? महिन्याभरात कुठे नेऊ मी त्याला? — हो, शिडीवरूनच पडला.

आता तू कुठे निघालास? वर नको जाऊस. छपराला काही झालेलं नाही. अख्ख्या पार्कात एवढं कोरडं छप्पर सापडायचं नाही. मला कसं माहीत? मला माहीत आहे. — बस जरा. त्या पायरीवर बस.

ती खिडकी बघ. तिच्या चौकटीला खाली, बाहेरून, दोन बारीक भोकं असतात. पन्हळीत साचलेलं पाणी त्यातून बाहेर पडतं. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं की मुंग्या तिथून शिरतात आणि साखरेपर्यंत पोचतात. मर्लची फटी बुजवायच्या सिलिकॉनची नळी पडली होती, दिल्या दोन टिकल्या लावून. मुंग्या बंद. पाणी मग भिंतीत. कधी कळलं? दुसऱ्या हिवाळ्यात. सांगणार होते, देवाशपथ, पण त्याच संध्याकाळी तो भिजून खाली आला आणि म्हणाला, ‘डोरीन, चूक माझीच, छप्पर मीच बसवलंय.’ बेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच तो ‘चूक माझी’ म्हणाला होता. मला ते मोडवेना. मग म्हटलं उद्या सांगू. मग तो पुढचा हिवाळा आला, मग त्याच्या पुढचा — आणि मग शिडी.

असा बघू नकोस माझ्याकडे. लिही. छप्पर खोड आणि भिंत लिही. कारण? ‘पाणी जायची भोकं बाहेरून बुजवली.’ कोणी, असा रकाना आहे? असायचाच. डोरीन मेकम. पूर्ण लिही नाव, नुसतं ‘रहिवासी’ नको, नाहीतर मर्लला वाटेल आपणच बुजवली.

आता हा नोटिशीचा कागद दारावर लावावाच लागतो? आतून नाही चालत, कपाटाला? — नाही. बरं. मग नीट लाव. एवढं खाली नको. वर, डोळ्यांसमोर. त्याला वाकता येत नाही अजून.

झालं? जा मग.