पोरीची बाजू

कौटुंबिक न्यायालयाच्या बाकावर आजी पुकाऱ्याची वाट बघत बसल्या होत्या. नातवाच्या ताब्यासाठी जावयाविरुद्ध काय काय बोलायचं, ते लेकीनं त्यांना घरूनच पढवून आणलं होतं. शेजारी एक भाऊ-बहीण कुजबुजत होते. पण आजींचे कान अजून तिखट.

"आत गेल्यावर एवढंच म्हणायचं, बाप पोरीकडे ढुंकूनही बघत नाही."

"बघतो की, दादा."

"अगं, तू कुणाच्या बाजूची?"

"पोरीच्या. दम्याची उबळ आली की तिला तोच हवा असतो. पाठीवर थोपटत गातो. गळा म्हणजे फुटकं मडकं, पण ती शांत होते."

"हे न्यायाधीशांना सांगितलंस तर पोरगी हातची गेली समज!"

"मी काय कमी केलंय तिचं? तेही सांगेन, ठणकावून. नवरा म्हणून त्याचं तोंड बघायचं नाही मला. पण बाप म्हणून नालायक नाही ठरवणार."

"आणि वकिलांना काय सांगू मी?"

"सांग, बहीण डोक्यावर पडलीय."

"तो तुझ्याबद्दल खोटं बोलला तर?"

"बोलू दे. उद्या पोरीला 'खरं बोल' म्हणून मला सांगायचंय, त्याचं काय?"

पुकारा झाला. पदर खोचून ती तरातरा आत गेली. मागोमाग भाऊ, हात चोळत.

इतक्यात लेक पाणी घेऊन आली.

"आई, काय सांगायचं ते लक्षात आहे ना?"

"घडलं ते सगळं लक्षात आहे. तेवढंच सांगेन."

"आई!"

"डोळे कशाला वटारतेस? पाणी दे इकडे."