डुगडुगतं टेबल

...अहो, पण माणसाला शेवटचं तरी सुखानं जेवू द्याल की नाही? निरोपाचं जेवण म्हणून गेलो होतो हो आम्ही दोघं, आमच्याच इमारतीच्या तळमजल्यावरच्या हॉटेलात, म्हणजे तुम्ही सगळे आत्ता पाय पसरून बसलाय ना, त्याच्या बरोब्बर खाली! लग्न झाल्यापासून तिथलं कोपऱ्यातलं टेबल आमचं. आणि आता मालक म्हणतो, हॉटेल नदीपलीकडे हलवतोय. का हलवताय? तर म्हणे, "निवांत जेवा, साहेब."

निवांत कसं जेवणार? सूपचा पहिला चमचा तोंडात जातोय तोवर हमाल आत, शेजारचं टेबल उचललं, पंखा उतरवला, हिच्या डोक्यावरचा दिवासुद्धा काढून नेला. मी म्हटलं, अहो, भात यायचाय अजून. मालक आपला गल्ल्यामागून, दवाखान्यात बोलतात तशा आवाजात... "निवांत जेवा."

आता तुम्हाला सांगतो, आमचं ते टेबल पहिल्यापासून डुगडुगायचं. सुरुवातीला मी पायाखाली बसचं तिकीट घडी करून सारायचो, मग काडेपेटी लागायला लागली, मग लाकडाची चकती, ती मी खिशातच ठेवायचो. ज्या सुतारानं ते केलं त्याला किती शिव्या घातल्या असतील! आणि ताटातून वाटाणा निसटला की घरंगळत माझ्याकडेच. ही म्हणायची, "सगळं तुमच्याकडेच येतं." मला वाटायचं, चला, कुठेतरी नशीब आहे.

तर शेवटी आमच्याही टेबलाची पाळी आली. मालक म्हणाला, बाहेर फुटपाथवर मांडतो, मोकळ्या हवेत बसा. बसलो. सवयीनं खिशातली चकती काढून वाकलो, तर ही म्हणते, "थांबा. हलतंय कुठे?"

खरंच हलत नव्हतं. दाबून पाहिलं, कोपर टेकून पाहिलं. वाटाणा सोडला, तो बसला जिथल्या तिथे. टेबल सरळ होतं, तो सुतार बिचारा सरळ होता, कलली होती ती आतली जमीन. मी वर बघितलं. वर आमची खिडकी, हिचे पडदे, आमचं सगळं घर.

मी मालकाला म्हटलं, खरं काय ते सांगा. त्यानं खांद्यावर हात ठेवला. इतक्या वर्षांत कधी ठेवला नव्हता. म्हणाला, "नव्या जागेतून डबा घरपोच पाठवीन. फक्त नवा पत्ता कळवा."

"आमचा पत्ता तोच आहे."

"हो का?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "बरं... निवांत जेवा."

आता जायचं कुठे, सांगा? उभा जन्म गेला या खोल्यांत. भीती वाटते, नाही कशाला म्हणू. ही रोज सकाळी चहाच्या आधी जमिनीवर वाटाणा सोडते. परवापर्यंत तो कपाटापाशी थांबायचा, आज खिडकीपर्यंत गेला... असो. तुम्ही आलात, बरं वाटलं. फक्त सगळे त्या खिडकीपाशी नका बसू. जरा पांगून बसा. हां, असं. आता निवांत बसा.