जाऊबाईंची दाढ

हॅलो?... कोण?... अगं बाई, जाऊबाई! बोल, बोल... छे गं, कपड्यांच्या घड्या घालत होते... अहो, तो टीव्ही जरा बारीक करा, तुमच्या भावाच्या बायकोचा फोन आहे... हो, तीच, कॉलेजकन्या!

काही नाही गं, ह्यांना सांगत होते... हो, हो, अभिनंदन! लॅबमध्ये केलं होतं की मी तुझं... नव्हतं केलं? मनातल्या मनात केलं असेल. घे आता. अभिनंदन.

अगं, बातमी मला कुणी दिली माहितीये? सासूबाईंनी! तुझ्यापासून दोन टेबलं सोडून बसते मी, दिवसभर एकाच खोलीत दात घासतो आपण दोघी... म्हणजे लोकांना बसवायचे, खोटे... आणि सासूबाई मला फोन करून कळवतायत, ‘धाकटीला लॅब कॉलेजात पाठवणार! पदवी! फी लॅबची आणि वर विद्यावेतन!’ विद्यावेतन, विद्यावेतन, किती वेळा म्हणाल्या! पाठच केला असावा तो शब्द.

नाही गं. मी कशाला जळू?

हं... हं... काय म्हणाली चिमणी? काउंटरवरचीच ना? तिला दिवसभर तोंड चालवायचा पगार मिळतो... मी?... मी असं म्हणाले?... अगं, जेवणाच्या सुट्टीत माणूस काहीही बोलतं...

बरं, म्हणाले. म्हणाले मी, की धाकटीची दाढ चमकली ती माझ्या हातामुळे. त्यात खोटं काय? सरांनी ह्या जागेसाठी परीक्षा म्हणून सगळ्यांना एकेक दाढेची कॅप करायला लावली. वर नावं नाहीत, नुसते नंबर. आणि ट्रे आला कुठे? नेहमीसारखा माझ्या टेबलावर, पॉलिशला! मला कुठे सुचलं तेव्हा, की बाई, आज ह्या सगळ्या तुझ्या विरोधातल्या आहेत! हाताला सवय. आली कॅप की घास, आली कॅप की घास. सगळ्यांच्या लखलखीत केल्या आणि माझीच राहिली शेवटी. तिला पॉलिशचा बफ लावते न लावते तोच सर म्हणाले, वेळ संपली.

हस ना. हस, मला काही वाटत नाही... हसत नाहीयेस? मग कसला आवाज तो?

बरं बोल, ऐकतेय.

हं... म्हणून तू काय करणार?... थांब, थांब. सरांना फोन? आत्ता?... ‘ती कॅप माझ्या एकटीची नव्हती’ म्हणून सांगणार?... आणि नाव मागे घेणार?

...

आहे, आहे मी. ऐकतेय. रेंज जाते इथे मध्येच.

हो... हो, दुसरा नंबर माझाच लागलाय. माहितीये मला. तू नाही म्हणालीस तर जागा माझ्याकडे येते, तेही माहितीये... सरांना आजच कळवायचंय का?... ते घरी जायच्या आत, हो का...

नाही, मी काय सांगणार? निर्णय तुझा आहे... तसं बघितलं तर तुझं म्हणणं अगदीच चुकीचं नाही म्हणा... मी आपलं म्हणते. तू लहान आहेस गं, तुझ्यापुढे दहा वाटा आहेत. शिष्यवृत्ती मिळेल, कॉलेजचीच एखादी मदत मिळेल. मी सगळं पालथं घालून बसलेय. शिष्यवृत्तीला वय आडवं येतं. कर्ज काढावं तर बँक विचारते, ‘घर कुणाच्या नावावर?’ घरी बसून शिकावं तर आपल्या कामात प्रात्यक्षिक लागतं, स्वयंपाकघरात कुणाच्या दाढा बसवू? ह्यांच्या?... काही नाही हो, तुम्ही टीव्ही बघा... माझ्यासाठी ही एकच वाट होती गं. लॅब फी भरणार, शिकताना महिन्याला हातात काहीतरी देणार, आणि बदल्यात काय, तर पदवीनंतर काही वर्षं इथेच काम करायचं. मी तर एरवीही इथेच म्हातारी होणार होते!

तेव्हा... बघ तू. तुझ्या मनाला टोचत असेल तर... सांग सरांना. मी कोण अडवणारी?

काय?... भाऊजींना सांगितलंस? मग, चिडले असतील माझ्यावर... नाही?... काय म्हणाले?

परत सांग.

‘वहिनीनेच तुला मेणाच्या दाढेवर सुरी धरायला शिकवलं, जागा तिचीच’... असं म्हणाले भाऊजी?

हं...

अगं, तू रडतेस कशाला? जागा सोडायची तर हसत सोड, नाहीतर सोडू नकोस... नाही गं, रागावले नाही. पाणी पी. पी आधी.

प्यायलीस?... आता सरांना फोन करू नकोस... कारण आहे... अगं ऐक ना. मध्ये बोलू नकोस, एकदा थांबले तर पुन्हा माझ्याच्याने बोलणं व्हायचं नाही.

तो निळा कागद असतो ना सरांकडे, दातांमध्ये धरून बाइट, म्हणजे चावताना दात नीट टेकतात का, ते बघतात तो. दात जिथे टेकतो तिथे ठिपका उमटतो... हो, तुला माहितीये, पण मला सांगू दे. त्या दिवशी ट्रे माझ्याकडे आला ना, तेव्हा सगळ्या कॅपवर ते ठिपके होते... अगं, होतेच! म्हणजे काय झालं? सरांनी बाइट आधीच तपासला होता. पॉलिशच्या आधी. माझा बफ लागायच्या आधी. चमक बघायची गरजच नव्हती त्यांना.

ऐक तर. तुझी कॅप मी नंबर न बघता ओळखली. मागची कड तू जरा भरीव ठेवतेस, माझ्याकडूनच उचललंयस ते. तिच्यावर ठिपके कसे होते सांगू? चारी बाजूंना, बारीक, सगळे सारखे. आणि माझ्या कॅपवर एकच. हा एवढा मोठा. सगळा भार एकाच जागी. ती दाढ कुणाला बसवली असती ना, तर आठवड्यात गाल धरून परत आला असता बिचारा.

तेव्हाच कळलं मला, कोण जाणार ते.

मग काय करणार? पॉलिश केलं. ठिपके जातातच पॉलिशमध्ये, माझं कामच आहे ते. पण तुझ्या कॅपवर मी जरा जास्तच जोर लावला. ठिपके गेले तरी घासत राहिले. कशाला, विचारू नकोस.

आणि चिमणीला म्हणाले, कारण जळत होते. झालं? जळत होते आणि जळतेय, आत्ता तुझ्याशी बोलतानासुद्धा. तुला लॅबमध्ये आणलं कोणी? मी. सरांकडे शब्द टाकला कोणी? मी. जग एवढं मोठं पडलंय, दुसऱ्या कुणाच्या तरी पुढे जायचं होतंस ना गं! माझ्याच कशाला?

नाही, नाही. ‘जाऊ दे ताई’ म्हणू नकोस. इतक्या लवकर माफ करणारी माणसं मला आवडत नाहीत. जरा भांड की!

हं... तुझ्या छोटीचं काय?... शाळेतून आणायला? तिचे काका आहेत ना दुपारचे घरी, सोफा राखत. अहो, तुम्हाला काम लागलंय!... कसलं ते नंतर सांगते... हो म्हणाले गं. मान हलवली, हो समजायचं. तिचा अभ्यास मी घेईन संध्याकाळी... कॉलेजच्या दिवशी तुझं टेबलही बघेन. बघेन म्हटलं ना. कुरकुरत बघेन, पण बघेन.

पुढच्या वर्षी?... कशाला खोटं बोलतेस? ही योजना दरवर्षी नसते, सरांनी सगळ्यांसमोर सांगितलंय. माझी समजूत काढू नकोस.

काय?... पहिल्या विद्यावेतनातून मला काहीतरी घेणार? खबरदार! एक पैसा खर्च करू नकोस माझ्यावर... बरं, इतकंच असेल तर काहीतरी मोठं घे. फुलांवर भागवू नकोस.

आता ठेव. सरांना लाव आणि हो म्हण... फक्त हो. पॉलिशबिलिश काढू नकोस, मी उद्या चिमणीकडे बघते... अगं हो, हो, खरंच सांगतेय, तुझीच होती ती कॅप, पूर्ण तुझी... किती वेळा वदवून घेशील?

ठेव ना गं... नाही, रडत नाही, तू ठेव. लवकर ठेव. अजून मिनिटभर बोलत बसलीस तर माझ्या तोंडून ‘जाऊ नकोस’ निघेल, आणि तू ऐकशील माझं. तुझं काय, तू ऐकतेसच...

ठेव म्हटलं ना!... नाही ठेवत?

मग मीच ठेवते.