पिवळंधमक बटण

डिझाइनचा कोर्स मी पुण्यात केला, पण शिकलो फैजपूरच्या आबांकडून! शेतकऱ्यांसाठी केळी विकायचं ॲप बनवलं होतं. 'माल तयार' हे बटण मी हौसेनं पिवळंधमक ठेवलं, अगदी पिकल्या केळासारखं. चाचणीसाठी आबांच्या केळीच्या बागेत गेलो, कंपनीचे साहेबही सोबत. आबा नुसतेच बटणाकडे बघत बसले.

"दाबा ना, आबा."

"काहून दाबू? माझा माल चांगला आहे."

"म्हणजे तयारच ना?"

"तयार माल हिरवा राहतो, भाऊ. झाडावरच पिवळा झाला तर कोणता व्यापारी उचलीन?"

साहेब माझ्याकडे बघायला लागले.

"तू केळं पाहिलं कुठं?" आबांनी विचारलं.

"हातगाडीवर."

आबांनी फोन परत माझ्या हातात ठेवला. "मंग हे त्या हातगाडीवाल्यालेच दाखव."